८० मीटर बर्फाखालचं विमान

१५ जुलै १९४२. हवामान बिघडलेलं, इंधन संपत आलेलं. सहा पी-३८ आणि दोन बी-१७ ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली, विमानं तिथेच राहिली. पन्नास वर्षांत त्यांच्यावर ८० मीटरहून जास्त बर्फ साचला! मग गरम पाण्याने बर्फ वितळवत विहीर पाडली, खाली विमानाभोवती गुहा केली आणि १९९२ मध्ये एक पी-३८ सुटं करून वर काढलं. दाबाने चेपलेलं. दुरुस्तीला दहा वर्षं लागली. इतके भाग बदलल्यावर विमान तेच का? जुना कोड दुरुस्त करताना आमच्यातही हाच वाद होतो. मी म्हणतो, तेच. २६ ऑक्टोबर २००२ ला ‘ग्लेशियर गर्ल’ केंटकीत पुन्हा उडाली. व्हिडिओ हेडफोन लावूनच बघा.