पुळणीवर उतरण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिलाय. उद्या पहाटे आपण सगळे किनाऱ्यावर जाणार, तिथे काय बघायचं आणि कसं वागायचं ते मी सांगायचं. शाळेत मी कधी स्वतःहून हात वर केला नाही, त्यामुळे माइक माझ्या हातात आल्यावर मराठीच्या बाई हसल्या, ते मी पाहिलंय.

तुम्ही बहुतेक जण मुंबई-पुण्याला गेलात. मी याच तालुक्यात राहिले आणि गेली बारा वर्षं घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देते. म्हणजे माझं पोट या पुळणीवर चालतं. तेव्हा मी पर्यटकांच्या विरोधात बोलणार नाही. या, जरूर या. पण सत्तर माणसं एका वेळी वाळूवर उतरणार म्हटल्यावर मला रात्री झोप लागणार नाही, हेही खरं.

आपल्याला लहानपणी पुळण म्हणजे रिकामी जागा वाटायची. क्रिकेट खेळायला बरी, एवढंच. उद्या ओहोटीच्या ओल्या वाळूवर जरा खाली वाकून बघा. बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. करंगळीच्या नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं, ओहोटीला पुन्हा सुरू. त्याच पट्ट्यात चिखल्या आणि तुतारी हे छोटे पक्षी पळताना दिसतील. दोन भरत्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढाच त्यांचा जेवणाचा वेळ. थवा उडवून फोटो काढायची पोरांना भारी हौस असते. प्रत्येक वेळी उडाले की त्यांचं खाणं बुडतं. यातल्या कित्येकांना आता पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत हजारो किलोमीटर उडून जायचंय. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकू नका, तेही इथे लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवरून आलेले पाहुणे आहेत. फरसाणावर वाढलेले नाहीत.

वर सुकी वाळू सुरू होते तिथे जांभळ्या फुलांचा वेल पसरलेला असतो, मर्यादवेल. नाव ज्यानं ठेवलं त्याला समुद्र कळत होता. हा वेल वाळू धरून ठेवतो. त्याच्यावरून चालू नका आणि गाडी तर नकोच नको. दर सुट्टीत कुणीतरी जीप वाळूत घालतो, ती रुतते, मग भरती यायच्या आत गावातली पोरं दोर घेऊन धावतात. त्यात हसण्यासारखं पुष्कळ असतं, पण चाकांखाली काय गेलं ते कुणी बघत नाही.

आता कासवं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभरच्या आसपास, कधी त्याहून बरीच जास्त अंडी घालते, वाळू लोटून अंगानं थोपटून बसवते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस सगळं वाळूच्या हाती. अंड्यातून नर निघणार की मादी, हेसुद्धा वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर बहुतेक माद्या, गार राहिली तर बहुतेक नर.

आपल्या लहानपणी ही अंडी लोक उकरून नेत, हे इथं बसलेल्या कित्येकांना आठवत असेल. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं, गावकरी आणि वनविभाग त्यात आले, आणि मग एकेक गाव जोडत गेलं. आज कासवमित्र रात्री-पहाटे किनारा चालतात, मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. थंडीत पहाटे तीनला उठून तीन-चार किलोमीटर वाळूत चालणं म्हणजे काय, ते एकदा करून बघा.

२०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आणि ऐका, २०२१ मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! भूगोलाच्या सरांनी भारताच्या नकाशावर किनारा काढायला लावला होता ना, तो अख्खा वळसा घालून ती आली.

पिल्लं सोडताना दोरीच्या मागे उभं राहायचं. पुढे कासवमित्र सांगेल तसं. पिल्लू उचलून पाण्यात ठेवायचं नाही, कितीही दया आली तरी. वाळूवरचं ते चालणं त्याचं त्यानं करायचं असतं. टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो. मागे बल्ब पेटला की ती उलटी फिरतात, झाडीत शिरतात आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तावडीत सापडतात. आणि कुत्रे किनाऱ्यावर कशाला येतात? आपण टाकलेल्या बिर्याणीच्या डब्यांसाठी येतात. मग एके दिवशी त्यांना अंड्यांचा वास लागतो.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. आपल्या तुकडीतल्या दोघांनी समुद्राकाठी जमीन घेतलीय. नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत. बांधा रे घरं, शेजार होईल. पण समुद्राकडे तोंड केलेले मोठे दिवे लावू नका. खाली प्रकाश टाकणारे, वरून झाकलेले, पिवळसर दिवे लावा, आणि नोव्हेंबर ते मे रात्री शक्य तेवढे बंद ठेवा. हे तुम्हाला सांगायचा मला अधिकार आहे, कारण दोन वर्षांपूर्वी तीस जणांचं एक बुकिंग मी सोडलं. त्यांना वाळूवर रात्री शेकोटी आणि डीजे हवा होता. ती माणसं पलीकडच्या गावात गेली आणि पैसेही तिकडे गेले. घरी आठवडाभर मला ऐकून घ्यावं लागलं. एका घरानं नाही म्हणून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आज तुमच्याकडे शब्द मागतेय. जेवताना दोघांनी मला भेटा.

मच्छीमारांबद्दलही एक सांगते, कारण शहरात त्यांनाच दोष देतात. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून सोडायचं म्हणजे हजारोंचं नुकसान. २०१८ च्या अखेरीपासून राज्य सरकार त्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, त्यासाठी फोटो काढून अर्ज करावा लागतो. ज्यांची मुलं अजून होडीवर आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचवा. अर्ज भरायला मी मदत करीन.

शंख-शिंपले गोळा करणाऱ्या मैत्रिणींनो, शंख उचललात तर आत बघा. पाय दिसले तर तो शंख कुणाचं तरी घर आहे, ठेवून द्या.

उद्या पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकाशी जमायचं. बस सुरूच्या बनाच्या अलीकडेच थांबेल, पुढे चालत जायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ओल्या वाळूची वाट आहे, ती घट्ट असते. आज कुठल्या घरट्यातून पिल्लं येतील हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा एकही दिसलं नाही तर माझ्याशी भांडू नका. चहा-पोहे परतल्यावर माझ्या घरी आहेत.