बाजार पडतो तेव्हा आपण काय करतो?



संयोजकांनी आधी विषय सुचवला होता, 'शेअर बाजारातून पैसे कसे कमवावेत'. ते मला येत असतं तर रोज सकाळी लॅपटॉप उघडून दुसऱ्यांचे बग कशाला सोडवत बसलो असतो? म्हणून मी उलटा विषय घेतलाय. बाजार पडायला लागल्यावर तुमच्या-माझ्यासारखा माणूस काय करतो, आणि का करतो.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती. २०२४ संपताना हा आकडा १८ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे आज ज्यांच्या मोबाइलमध्ये ट्रेडिंगचं ॲप आहे त्यातल्या बहुतेकांनी ती मोठी पडझड स्वतःच्या पैशानं पाहिलेलीच नाही. तुमच्यातले बरेच जण तेव्हा दहावी-बारावीत असाल.

तर थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला, १३ टक्क्यांहून जास्त. सकाळीच १० टक्के घसरण झाली म्हणून ४५ मिनिटं व्यवहार थांबवावे लागले. दिवसअखेर सेन्सेक्स २६ हजारांच्याही खाली. दोन महिन्यांत ३८ टक्के गायब. इथे एक साधं गणित ध्यानात ठेवा. ३८ टक्के पडलेली गोष्ट पुन्हा जागेवर यायला ३८ नाही, ६१-६२ टक्के चढावी लागते. ५० टक्के पडली तर दुप्पट व्हावी लागते.

आता मला सांगा, त्या महिन्यात घाबरून पळालं कोण? आपल्याला वाटतं, सामान्य माणूस. पण परदेशी संस्थांनी त्या एका महिन्यात जवळजवळ ६२ हजार कोटींचे शेअर विकले. त्याच महिन्यात आपल्याकडच्या इक्विटी म्युच्युअल फंडांत, आलेले आणि काढलेले धरून, ११ हजार कोटींहून जास्त पैसे जमा झाले. सामान्य गुंतवणूकदार पळाला नव्हता.

तो पळाला नंतर. जुलै २०२० पासून बाजार सावरत होता, आणि तेव्हापासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत सलग आठ महिने याच फंडांतून जास्त पैसे बाहेर गेले. नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स जुन्या जागी पोहोचला, पुढे ५० हजारांवर गेला, आणि आपली माणसं पैसे काढत होती. काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या, दवाखान्याची बिलं होती, त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. पण बाकीच्यांचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल: "मुद्दल सुटलं ना, बास, आता बाहेर."

हे वाक्य फार जुनं आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं. टेरन्स ओडियन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली. लोक नफ्यातले शेअर पटकन विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात, असं त्यात दिसलं. कारण विकलं की तोटा खरा होतो. न विकता ठेवला तर घरी सांगता येतं, "अजून विकलेला नाही."

येस बँकेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या आसपास. किंमत पडत गेली तशी सामान्य भागधारकांची गर्दी वाढत गेली. २०० ला स्वस्त, १०० ला आणखी स्वस्त, मग 'ॲव्हरेज करू'. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले, दुसऱ्या दिवशी शेअर १६ रुपयांच्या आसपास बंद झाला. भाव ४०० वरून १०० वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाली असं नाही. कधी कधी वस्तूच बिघडलेली असते.

म्हणून "घाबरू नका, धरून ठेवा" हा जो सल्ला सगळे देतात, तो मला अर्धाच पटतो. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ३४ वर्षं! बाजार नेहमी परत येतो हे खरं धरलं, तरी बहिणीच्या लग्नाच्या तारखेआधी येईल याची हमी कोण देणार? जे पैसे दोन-तीन वर्षांत फी, लग्न किंवा घराच्या डिपॉझिटसाठी लागणार आहेत, ते पडझडीत धरून ठेवणं म्हणजे धीर नाही. ते पैसे मुळात तिथे नकोच होते.

वीस वर्षं हात न लावायच्या पैशांचं गणित वेगळं आहे. महिन्याला ५,००० ची एसआयपी असेल आणि युनिट १०० रुपयांना असेल, तर ५० युनिट मिळतात. तेच ६२ ला आलं की ८०. पडलेल्या बाजारात एसआयपी बंद करणं म्हणजे भाव उतरल्यावर तांदूळ घ्यायचं थांबवणं. तरी जानेवारी २०२५ मध्ये, सप्टेंबरच्या शिखरानंतर बाजार घसरत असताना, नव्या एसआयपी सुमारे ५६ लाख सुरू झाल्या आणि ६१ लाख बंद झाल्या. त्यात मुदत संपलेल्याही मोजल्यात, त्यामुळे सगळेच घाबरले असं म्हणू नका. पण घाबरलेले होतेच.

शेवटी ॲपबद्दल, कारण तो माझा प्रांत. रोज पाहिलं तर साधारण निम्मे दिवस लाल दिसतात. वर्षातून एकदा पाहिलं तर लाल कमी वेळा दिसतो. पैसे तेच, बाजार तोच. नोटिफिकेशन बनवणाऱ्याला तुम्ही ॲप उघडायला हवे असता, तुमचं मन शांत राहणं हे त्याचं काम नाही. ती बंद करा.

आणि दोन बटणांपासून लांब राहा. एक, एमटीएफ. आपल्यातले अनेक जण शरियानुसार निवडलेले फंड शोधून घेतात, आणि त्याच ॲपवर हे बटण दाबतात. ते ब्रोकरकडून घेतलेलं व्याजी कर्ज आहे. बाजार पडला आणि मार्जिन कमी पडलं की ब्रोकर तुमचे शेअर विकून मोकळा होतो, अगदी तळाला. तिथे तुमच्या धीराला कुणी विचारत नाही. दुसरं, एफ अँड ओ. तोटा भरून काढायला लोक तिकडे वळतात. सेबीनं २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांचा हिशोब काढला: १०० पैकी ९३ जण तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त.

कुणाच्या घरी आत्ता "बंद कर ते" असं चाललं असेल तर अब्बांशी वाद घालण्याआधी एक कागद घ्या. कोणते पैसे कधी लागणार, ते त्यांच्यासमोर बसून लिहा. बऱ्याचदा अब्बांचं निम्मं बरोबर निघतं.

चला, आता प्रश्न घेऊ. कोणता शेअर घेऊ, हा सोडून.