दुखत नाही न्हवं?

अंघोळ करताना साबणाच्या हाताला काखेजवळ काहीतरी लागतं. भिजवलेल्या हरभऱ्याएवढं, टणक. करवीर तालुक्यातली एखादी सूनबाई धीर करून सासूबाईंना सांगते.
“दुखतंय काय?”
“न्हाई.”
“मग ऱ्हाऊ दे.”

इथंच महिने जातात. कारण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दाढ ठणकली की आपण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असतो!

मग म्हशीची धार, पोरांची परीक्षा, नवरात्र. डॉक्टर पुरुष असला तर लाज. एसटीला पैसे मागायचे, तर कारण काय सांगायचं? आणि गाठीला सुई लावली की आजार पसरतो, ही गावोगावची भीती. तिला आधार नाही. सुईनं नमुना घेतल्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातानं तपासली. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मोठं यंत्र नव्हतं, शिकलेली बोटं होती.

गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त: यातलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या.