नॅशव्हिलचं शनिवारचं गाणं

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. तिथल्या नॅशनल लाइफ या विमा कंपनीने ५ ऑक्टोबर १९२५ रोजी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. नाव डब्ल्यूएसएम. दारोदार फिरून हप्ते गोळा करणाऱ्या एजंटांच्या आधी कंपनीचं नाव घरात पोहोचावं, हा त्यामागचा हेतू. नॅशव्हिल स्वतःला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घेई. त्यामुळे कार्यक्रमही शिष्टसंमत हवेत, अशी प्रतिष्ठितांची अपेक्षा होती.

पण २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री निवेदक जॉर्ज हेय यांनी सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसनना मायक्रोफोनपुढे बसवलं. म्हातारबुवांनी तासभर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवलं. खेड्यापाड्यांतून पत्रांचा आणि तारांचा ओघ सुरू झाला. शहरातल्या बड्या मंडळींनी नाकं मुरडली, तरी केंद्राने श्रोत्यांचा कौल मानला. हाच कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून गाजला. १९३२ मध्ये केंद्राची शक्ती ५० हजार वॅट झाली, तेव्हा रात्रीच्या वेळी कितीतरी राज्यांतली शेतकरी कुटुंबं शनिवारी संचाभोवती जमू लागली.

ऑप्रीच्या सुरुवातीच्या लाडक्या कलावंतांपैकी एक होते डीफोर्ड बेली. ते माउथ ऑर्गनवर आगगाडी उभी करत: आधी लांबून येणारी शिट्टी, मग वाढत जाणारा चाकांचा ठेका, आणि गाडी पुढे निघून जाई. ते कृष्णवर्णीय होते. मंचावर टाळ्या मिळत, पण दौऱ्यावर गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे. १९४१ मध्ये केंद्राने त्यांना कामावरून काढलं. त्यानंतर ते बूट पॉलिशच्या दुकानावर पोट भरत राहिले. कंट्री म्युझिकच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळालं २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

ऑप्रीने २०२५ मध्ये शंभरी गाठली. गावाकडच्या संगीताला मानाची जागा देणाऱ्या या केंद्राबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तो आदर बाळगूनच म्हणतो, की बेलींची हकीकत या इतिहासातून वगळता येणार नाही. ज्यांच्या कलेवर केंद्र मोठं होतं, त्यांचा मान त्यांच्या हयातीत राखणं हे प्रसारण करणाऱ्या प्रत्येकाचं कर्तव्य आहे.