औषध सागरतळीच्या चिखलातले

(पवनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



वैनगंगेच्या काठी उभे राहून समुद्राविषयी बोलणे आपणांस विचित्र वाटेल. पण हेच पाणी प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृतकलश घेऊन वर आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या आधारे ‘हे सारे आम्हांला पूर्वीच ठाऊक होते’ असे मी म्हणणार नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. मला त्या कथेतले घुसळण्याचे कष्ट अधिक मोलाचे वाटतात.

१९४५ साली सार्डिनिया बेटावर ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना, शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते त्या ठिकाणी, एक बुरशी सापडली. तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन वर्गाची प्रतिजैविके निघाली. आपल्या गावातील औषधाच्या दुकानात मिळणारे सेफिक्झीम त्याच कुळातले. ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरील औषधाची कथा तर विलक्षण आहे. ते एका पिशवीसारख्या सागरी जीवात आढळले. पण एक ग्रॅम औषधासाठी सुमारे एक टन जीव लागत. अशाने समुद्र ओसाड व्हायचा! अखेर प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूकडून मिळणाऱ्या रसायनापासून ते बनवण्याची रीत सापडली आणि २००७ मध्ये युरोपात त्यास मान्यता मिळाली. मूळ जीवातही ते घडवतो त्याच्या देहात वस्तीला असलेला एक जिवाणूच, हे नंतर उमगले.

आपल्याकडे काय? गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या मध्यवर्ती खोऱ्यातील, सुमारे पाच किलोमीटर खोलीवरच्या चिखलातून जिवंत बुरशी वाढवून दाखवली. तेथील दाब पृष्ठभागाच्या पाचशे पट! हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु बुरशी हाती लागणे निराळे आणि औषध रुग्णाच्या हाती पडणे निराळे. मध्ये रसायन वेगळे करणे, विषारीपणा तपासणे, माणसांवरील चाचण्या, अशी दशकभराची वाट असते. पुष्कळ शोध त्या वाटेवरच थकतात.

ही वाट आपण एकदा चाललो आहोत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधले आणि ते तेथेच तयारही झाले.

आता घाई का, तेही सांगतो. ते मध्यवर्ती खोरे कोणत्याही देशाच्या सागरी हद्दीत नाही. तेथील जीवांपासून होणारा लाभ वाटून घ्यावा, असा करार संयुक्त राष्ट्रांत २०२३ मध्ये झाला. भारताने २०२४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये आपण रद्द करवून घेतले, कारण आपल्यापाशी जुने लेखी पुरावे होते. खोल समुद्रातील जिवाणूविषयी कोणत्या पोथीत पुरावा सापडणार? तेथे ज्याची प्रयोगशाळा आधी, त्याचाच हक्क पुढे.

सभेपूर्वी येथील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “समुद्र तर दूर, वैनगंगेच्या गाळापासून सुरुवात केली तर चालेल का?” चालेल, बाळ. पिंपरीकरांनीही मातीपासूनच केली होती.