गृहशिक्षणाचें पहिलें वर्ष

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंत वाचलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पालकांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी आपली ऋणी आहें. विषयही आपणच सुचविला. आमची सहा वर्षांची कन्या गेलें वर्षभर शाळेंत न जातां घरींच शिकली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. दीर्घ आजारानंतर तिला एक वर्ष गर्दीपासून दूर ठेवावें, असा वैद्यकीय सल्ला मिळाला आणि तिच्या शिक्षणाचा सर्व भार आम्हां उभयतांवर आला. त्या वर्षानें आम्हांस काय शिकविलें, तें सांगावें अशी आपली इच्छा. मुलगी काय शिकली हें थोडक्यांत सांगतां येईल; घर काय शिकलें, हें सांगण्यास थोडा अधिक वेळ लागेल.

घरीं शिकविणें ही कल्पना आपल्या बुलढाणा जिल्ह्यास नवी नाहीं. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई हिनें आपल्या पुत्राच्या मनाची जडणघडण कशी केली, हें महाराष्ट्रांतील लहान मूलही जाणतें. परंतु आज मला आपणांस दुसऱ्या एका घराची आठवण द्यावयाची आहे, आणि तें घर खुद्द बुलढाणें गांवचें आहे. १८५० सालीं जन्मलेल्या ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत कारकून होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलींसाठीं शाळा नव्हती. म्हणून त्यांनीं आपल्या एकुलत्या एका कन्येस घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. त्याच कन्येनें १८८२ सालीं पुण्यास छापवून ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक एका तरुण विधवेच्या खटल्यावरून साऱ्या स्त्रीजातीची जी निंदा चालली होती, तिला ताराबाईंनीं दिलेलें तें सडेतोड उत्तर होतें. एका कारकुनानें घरीं दिलेल्या विद्येचें हें फळ! आईबापांच्या हातांत केवढें सामर्थ्य असतें, याचा याहून मोठा पुरावा मला आपल्या जिल्ह्यांत दिसत नाहीं.

आपली ख्रिस्तसभाही हेंच सांगते. व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं ख्रिस्ती शिक्षणाविषयीं जें घोषणापत्र प्रसिद्ध केलें, त्यांत आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असें स्पष्ट म्हटलें आहे. मात्र त्या घोषणापत्रांत याच्याच पुढें आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तिच्याकडे मी शेवटीं वळेन.

आतां वर्षाचा अनुभव. पहिला धडा वेळेचा. शाळेंत घंटा वाजते. घरीं घंटा नसते. सहा वर्षांच्या मुलाचें लक्ष एका विषयावर पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकत नाहीं. तेव्हां घरीं शाळेसारखे पांच तास भरविण्याचें कारणच नाहीं. सकाळची प्रार्थना, न्याहारी, मग अर्धा तास वाचन-लेखन. दुपारीं थोडें गणित. दिवे लागल्यावर गोष्ट व जपमाळ, एवढ्या क्रमानें आमचें काम झालें. परंतु हा क्रम मुलीसाठीं ठरविला, तो आम्हां सर्वांस पाळावा लागला. ‘पुस्तक वाच’ असें सांगणाऱ्या बापाच्या हातांत मोबाईल असेल, तर मूल पुस्तक न वाचतां बापाच्या हाताकडेच पाहतें. घरच्या शाळेंत वेळापत्रक आधीं मोठ्यांच्या आयुष्याला लागतें, तेव्हां कोठें तें मुलाला लागतें.

दुसरा धडा भाषेचा. आपल्या घरांत वऱ्हाडी बोलली जाते. पुस्तकांत ती नसते. मूल ‘मले’ म्हणतें, पुस्तक ‘मला’ म्हणतें. अशा वेळीं मुलास ‘अशुद्ध बोलूं नकोस’ म्हणून दटावण्याचा मोह होतो. दटावलेलें मूल शुद्ध बोलत नाहीं. तें बोलेनासेंच होतें. एके दिवशीं प्रभूची प्रार्थना म्हणतांना आमच्या कन्येनें विचारलें, ‘भाकर देव देते, तं मंग आपण पेरतो काऊन?’ या प्रश्नांत व्याकरण शोधावें कीं विचार? मृगाच्या तोंडावर शेताच्या बांधावर उभें राहून तिच्या वडिलांनीं तिला तिच्याच बोलींत उत्तर दिलें, कीं देव पाऊस देते, आपण हात द्यायचे. आधीं बोलींतून विचार, मग लेखणींतून प्रमाणभाषा, हा क्रम आम्हीं ठेविला. आणि वर्षाअखेरीस ती दोन्ही भाषा आपापल्या जागीं वापरूं लागली.

तिसरा धडा गणिताचा. मराठींत आपण ‘एकवीस’ म्हणतों, तेव्हां एक आधीं आणि वीस मागून उच्चारतों. लिहितांना मात्र २ आधीं आणि १ मागून येतो. म्हणून लहान मूल एकवीस ऐकून १२ लिहितें. हा बुद्धीचा दोष नव्हे; कानानें जसें ऐकलें तसें हातानें लिहिलें, इतकेंच. एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द तर त्याहून अवघड, कारण त्यांत पुढच्या दशकाचें नांव घेऊन एक वजा करावा लागतो. २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितांत ‘वीस एक’ अशा वाचनाची योजना झाली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. त्या वादांत कोणीं कोणती बाजू घ्यावी हा प्रश्न निराळा. परंतु अडचण खरी आहे, हें घरीं शिकविणाऱ्यास पहिल्याच महिन्यांत कळतें. आम्हीं ज्वारीच्या धांड्यांचे बोटभर तुकडे केले आणि दहा-दहांच्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या व एक सुटा तुकडा हातांत आला, तेव्हां एकवीस हा शब्द कसाही उच्चारला तरी संख्या डळमळली नाहीं.

मूल आधीं हातांनीं शिकतें व मागून शब्दांनीं, हें तत्त्व डॉ. मारिया माँटेसरी यांनीं जगास पटवून दिलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेंझो नामक गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या. परंतु त्यांचें साहित्य महागडें. तें आपल्या खेड्यांत कोठून आणावें? याचें उत्तर ताराबाई मोडक यांनीं दिलें. १९४५ पासून बोर्डीच्या किनाऱ्यावर त्यांनीं खडे, बिया, पानें व शंखशिंपले यांचेंच शैक्षणिक साहित्य केलें, आणि मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, असें ठरविलें. आज गांवोगांवीं ऐकूं येणाऱ्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागें ही तपश्चर्या आहे.

चौथा धडा धर्मशिक्षणाचा. प्रार्थना पाठ करून घेणें सोपें आहे. लहान मुलाची स्मरणशक्ति ओल्या मातीसारखी असते. परंतु ज्या घरांत बांधाच्या वादावरून शेजाऱ्याशीं अबोला आहे, त्या घरांतल्या मुलानें क्षमेचा अर्थ कोणत्या पुस्तकांतून शिकावा? दाराशीं आलेल्या मजुराला पाणी कोणत्या भांड्यांतून दिलें जातें, हें मूल पाहत असतें, आणि तेंच त्याचें खरें धर्मपुस्तक होतें.

बंधुभगिनींनो, आतां पांचव्या व शेवटच्या धड्याकडे वळतें. तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलगी वाचूं लागली, शंभरपर्यंत मोजूं लागली, प्रार्थना म्हणूं लागली. तरी कांहीं गोष्टी घराच्या चार भिंतींत शिकवितां येईनात. खेळांत आपली पाळी येईपर्यंत थांबणें, हरल्यावर न रुसणें, भांडून पुन्हां बोलणें, आपल्याहून मंद मुलासाठीं पावलें आंखडणें, या विद्या आईबापांस देतां येत नाहींत. आईबाप मुलाशीं खेळतांना मुद्दाम हरतात. सवंगडी हरत नाहींत!

लिस्यूची संत तेरेझा हिचें चरित्र पाहा. आई लवकर निवर्तल्यावर थोरल्या बहिणींनीं तिला घरीं शिकविलें. १८८१ सालीं, साडेआठ वर्षांची असतांना, ती मठाच्या शाळेंत गेली. अभ्यासांत ती पुढें होती. परंतु सोबतच्या मुलींत मिसळणें तिला इतकें जड गेलें, कीं तीं वर्षें तिला आयुष्यांतील अत्यंत दुःखाचीं वाटलीं. आणि आपल्या ताराबाई? आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, हें आपलें पहिलेंच लिखाण असून आपण घराच्या बंदिस्त रिवाजांत राहणारी बाई आहों, असें त्यांनीं वाचकांस सांगितलें आहे. जोतीराव फुले यांनीं त्यांची बाजू घेतली. पण त्यांच्या नांवावर दुसरा ग्रंथ नाहीं. १९१० च्या सुमारास त्या वारल्या, आणि तो एक ग्रंथही विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो पुन्हां प्रकाशांत आणला. बापानें मुलीस अक्षरें दिलीं, परंतु त्या अक्षरांना संगत देणें त्या एका घराच्या हातांत नव्हतें. तें काम भोंवतालच्या समाजाचें होतें, आणि समाजानें तें केलें नाहीं.

येथेंच त्या घोषणापत्रांतील दुसरी गोष्ट येते. शिक्षणाचें कर्तव्य प्रथम कुटुंबाचें खरें, परंतु त्यास साऱ्या समाजाचें साह्य पाहिजे, असें तें सांगतें. शुभवर्तमानांतही तेंच दिसतें. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेंत मागें राहिला, तेव्हां तो सोबत्यांच्या मेळ्यांत असेल असें समजून मरिया व योसेफ दिवसभर वाट चालले. त्यांस तसें वाटलें, कारण नाझरेथच्या त्या घराचें दार नातलगांस व शेजाऱ्यांस बंद नव्हतें.

आमच्या कन्येची प्रकृति आतां सुधारली आहे, आणि येत्या जूनमध्यें ती शाळेंत जाईल. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास ही सोय दिली आहे, कीं शाळा राहून गेली असली तरी त्यास वयानुरूप वर्गांत प्रवेश मिळावा व मागें पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठीं विशेष शिक्षण मिळावें. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतें. कारण आमच्या मुलीसाठीं घरीं आई होती. ज्यांचे आईबाप दिवस उगवण्यापूर्वीं निंदणीस जातात, किंवा हंगामासाठीं गांव सोडून ऊसतोडीला जातात, त्या मुलांची शाळाही सुटते आणि घरही सुटतें. त्यांस हा कायदा समजावून सांगणारें, हात धरून शाळेच्या दारापर्यंत नेणारें कोणीतरी पाहिजे.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं माझी एकच नम्र विनंति आहे. रविवारच्या मिस्सेनंतर एक तास आपल्या धर्मग्रामाचें अंगण सर्व मुलांसाठीं, मग तीं कोणत्याही धर्माचीं वा जातीचीं असोत, उघडें राहावें. महागडें साहित्य नको. धांड्यांच्या जुड्या, चिंचोके, चार गोष्टींचीं पुस्तकें आणि आपणांपैकीं दोघेतिघे मोठे, एवढें पुरे. पहिल्या रविवारीं धांड्यांच्या जुड्या घेऊन मी येईन.

नाझरेथचें पवित्र कुटुंब आपल्या सर्व घरांस आशीर्वाद देवो, आणि आपल्या एकाही घरांतलें मूल एकटें न राहो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतें.