मोटारींतील जुना वाटाड्या

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें तेरणेच्या कांठचें गांव इसवी सनाच्या पहिल्या शतकांत 'तगर' ह्या नांवानें दूरदेशीं ठाऊक होतें. एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रावरील व्यापाराविषयीं 'पेरिप्लस' म्हणून जें माहितीचें पुस्तक लिहिलें, त्यांत पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें मोठें नगर आहे, आणि तेथील माल गाड्यांवर घालून, वाटा नसलेल्या विस्तीर्ण मुलखांतून भडोचला नेतात, असें सांगितलें आहे. तगर म्हणजेच तेर, हें फ्लीट ह्या पंडितानें १९०१ सालीं दाखवून दिलें. परंतु नकाशा समोर घेतला तर तेर हें पैठणच्या नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे असें दिसेल. ह्या मुलखाच्या इतक्या प्राचीन वाटाड्याचाही कोन थोडा चुकलेलाच होता!

आजच्या मोटारींत असा वाटाड्या पुढील फळीवरच्या पडद्यांत बसलेला असतो. कारखान्यांतून मोटार बाहेर पडते तेव्हां तो मोठा चलाख वाटतो. पण इंजिन पंधरा वर्षें उत्तम चालतें आणि हा वाटाड्या मात्र पांच-सात वर्षांतच म्हाताऱ्या माणसासारखा जुन्या काळच्या गोष्टी सांगूं लागतो. मग घरांत वाद सुरू होतो. चिरंजीव म्हणतात, "बाबा, तो डबा काढून टाका, आतां सगळें फोनमध्यें असतें." वडील म्हणतात, "मोटारीबरोबर आलेली वस्तु, ती काढावयाची कशाला?" दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. कोणाचें कोणतें अर्धें खरें, हें समजण्यासाठीं हा वाटाड्या काम कसें करतो तें थोडें पाहावें लागेल.

मोटारीला वाट दाखविण्याचा उद्योग उपग्रहांच्या मदतीवांचून सुरू झाला. १९८१ सालीं जपानांत होंडा कंपनीनें जें यंत्र काढलें, त्याचा आकाशाशीं कांहींही संबंध नव्हता. मोटार किती चालली व कोणत्या बाजूस वळली एवढेंच मोजून, पारदर्शक नकाशावर तें ठिकाण दाखवीत असे. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत 'एटॅक' नांवाचें यंत्र निघालें. त्याचे नकाशे गाण्यांच्या फितींसारख्या फितींत सांठविलेले असत. उपग्रहांचा आधार घेणारें अंगभूत यंत्र १९९० सालीं जपानांतच माझ्दा कंपनीच्या एका मोटारींत आलें. पुढें मे २००० मध्यें अमेरिकेनें आपल्या जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारा बाण रस्त्यावर स्थिर होऊं लागला.

ह्या वाटाड्याला तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. आपण कोठें आहों? भोंवतालचें जग कसें आहे? आणि जावयाच्या ठिकाणीं कोणत्या वाटेनें जावें? पहिल्याचें उत्तर उपग्रह आणि मोटारीचीं चाकें देतात, दुसऱ्याचें नकाशा देतो, आणि तिसऱ्याचा हिशेब आंतला संगणक करतो. हीं तीन अंगें एकाच डब्यांत राहत असलीं तरी तीं एकाच वेगानें म्हातारीं होत नाहींत. पैसे वायां जातात ते बहुधा हें न ओळखल्यामुळें. एक अंग थकलेलें असतें आणि दुसरेंच बदललें जातें.

सर्वांत लवकर थकतो तो नकाशा. धाराशिव जिल्ह्याइतकें ह्याचें ठळक उदाहरण क्वचित् मिळेल. सोलापूर-धुळें महामार्गाचा क्रमांक पूर्वीं २११ होता. २०१० सालीं राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानें लावले, तेव्हां तो ५२ झाला. नळदुर्ग, उमरगा ह्या बाजूनें जाणारा पुणें-हैदराबाद रस्ता ९ चा ६५ झाला. तुळजापुराहून लातूर-नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्याला ३६१ हा क्रमांक मिळाला. सोलापुरापासून येडशीपर्यंत आणि तेथून पुढें छत्रपती संभाजीनगरापर्यंतचा रस्ता गेल्या दहा-बारा वर्षांत चौपदरी झाला. उड्डाणपूल आले, वळणरस्ते आले, आणि पूर्वीं जेथें सहज उजवीकडे वळतां येई तेथें दुभाजक आडवा आला. आणि खुद्द जिल्ह्याचें नांव! फेब्रुवारी २०२३ मध्यें शहराचें व त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिल्ह्याचें नांव उस्मानाबादचें धाराशिव झालें. दहा वर्षांपूर्वींच्या यंत्राला 'धाराशिव' कोठें म्हणून विचारलें, तर तें बहुधा शहराजवळचीं प्राचीन लेणीं दाखवील. लेणीं पाहण्यासारखीं आहेत खरीं. पण रात्रीं अकरा वाजतां पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला तीं पाहावयाचीं नसतात.

थट्टेची गोष्ट निराळी. परंतु कळंबकडून रुग्णाला घेऊन येडशीमार्गें रात्रीं सोलापुरास निघालेल्या माणसाला हें यंत्र जुन्या रस्त्यांत शिरवूं लागलें, किंवा आतां बंद झालेल्या वळणावर वळावयास सांगूं लागलें, तर दहा-पंधरा मिनिटें हकनाक जातात, आणि अशा वेळीं तींच मिनिटें मोलाचीं असतात.

दोष एवढाच असेल, तर उपकरण बदलण्याचें कारण नाहीं. नवा नकाशा मिळतो का, हें आधीं मोटारीच्या कंपनीकडे विचारावें. भारतांत विकल्या गेलेल्या पुष्कळ मोटारींतील नकाशे दिल्लीच्या 'मॅपमायइंडिया' ह्या १९९५ सालीं निघालेल्या संस्थेचे असतात, आणि ते एका लहानशा एस. डी. कार्डावर राहतात. अडचण अशी कीं, तें कार्ड पुष्कळदा त्याच यंत्राशीं जखडलेलें असतें, आणि कांहीं वर्षांनीं कंपनी त्या जुन्या यंत्रासाठीं नकाशे काढण्याचें थांबविते. तसें झालें कीं मगच नव्या उपकरणाचा प्रश्न उभा राहतो.

दुसरें थकणारें अंग म्हणजे उपग्रहांचे संकेत ऐकणारा कान. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत फिरत असतात. निदान चार उपग्रहांची वेळ ऐकून, प्रत्येकाचा संकेत येण्यास किती अवकाश लागला ह्यावरून यंत्र आपलें ठिकाण काढतें. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तर ठिकाण तीनशें मीटरनें चुकतें! ह्या घड्याळांत एक जुनी खोंच आहे. आठवडे मोजण्यासाठीं मूळ संकेतांत फक्त १०२४ पर्यंतच जागा ठेवलेली असल्यामुळें सुमारें १९ वर्षें ८ महिन्यांनीं मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होते. असें ऑगस्ट १९९९ मध्यें झालें, एप्रिल २०१९ मध्यें झालें, आणि पुढें नोव्हेंबर २०३८ मध्यें होईल. ज्या यंत्रांना ही गोष्ट नीट शिकविलेली नाहीं, त्यांची तारीख बिघडते. जानेवारी २०२२ मध्यें परदेशांत कांहीं मोटारींचीं घड्याळें एकाएकीं २००२ सालांत गेलीं, तीं ह्याच जातीच्या घोटाळ्यामुळें. म्हणून पडद्यावर तारीख चुकीची दिसूं लागली, तर नुसता नकाशा बदलून भागणार नाहीं हें ओळखावें.

जुना कान एकट्या जीपीएसचेंच ऐकतो. नवे ग्राहक त्याबरोबर रशियाचें ग्लोनास, युरोपचें गॅलिलिओ, चीनचें बैदू आणि भारताचें 'नाविक' हींही ऐकतात, आणि चांगल्या प्रतीचे असतील तर दोन निरनिराळ्या लहरींवर ऐकतात. दोन लहरींचा लाभ भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशाला विशेष आहे. कारण येथें वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांत संकेत अधिक रेंगाळतात, आणि दोन लहरींच्या विलंबांतील फरकावरून ती चूक काढून टाकतां येते. 'नाविक'चा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं सुटला. त्यांपैकीं कांहींचीं आण्विक घड्याळें पुढें बंद पडलीं, हेंही सांगितलें पाहिजे. नव्या पिढीचा उपग्रह मे २०२३ मध्यें गेला. जानेवारी २०२५ मध्यें सोडलेला त्यापुढचा उपग्रह इच्छित कक्षेंत पोंचूं शकला नाहीं. तेव्हां खोक्यावर 'नाविक' हा शब्द छापलेला पाहून अभिमान जरूर वाटावा, परंतु खरेदी करतांना ग्राहक एकूण किती मालिका ऐकतो व किती लहरींवर ऐकतो हें विचारावें.

आतां राहिलीं चाकें. आणि येथें वडिलांचें अर्धें खरें ठरतें. अंगभूत यंत्राला चाकांच्या गतीची तार जोडलेली असते, आणि आंत वळण मोजणारा घूर्णदर्शक असतो. पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर कामशेतच्या किंवा भाताणच्या बोगद्यांत आकाश नाहींसें झालें, तरी हा वाटाड्या चाकें मोजीत बिनचूक पुढें जातो. १९८१ सालची ती जुनी युक्ति अजून निकामी झालेली नाहीं. फोनला वळण कळतें, पण चाकें कळत नाहींत. उड्डाणपुलावर आहों कीं त्याच्या खालच्या सेवारस्त्यावर, ह्यांतही तो फसतो. शिवाय वैशाखांत मराठवाड्याच्या उन्हांत काचेमागें टांगलेला फोन तापून मुकाट्यानें बंद पडतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनीं चालकाला वाट पाहण्यापुरता फोन वापरण्याची मुभा दिली आहे, ती चित्त विचलित न होण्याच्या अटीवर. हातांत धरून नव्हे.

चिरंजीवांचें अर्धें असें, कीं ताजा नकाशा व रस्त्यावरील ताजी हकीकत फोनलाच अधिक लवकर कळते. म्हणून २०१४ पासून अ‍ॅपलचें 'कारप्ले' व गूगलचें 'अँड्रॉइड ऑटो' ह्या सोयी निघाल्या. हिशेब फोन करतो आणि चित्र मोटारीच्या पडद्यावर दिसतें. पडदा चांगला असून आंतला संगणक तेवढा मंद झाला असेल, तर डबा न काढतां त्याच्या मागें एक लहान जोडयंत्र बसवून ही सोय करतां येते. ज्या मोटारींत वातानुकूलनाचे आंकडे व मागें घेतांनाचा कॅमेरा त्याच पडद्यावर दिसतात, त्यांत तर हाच मार्ग बरा. डबा काढला कीं तीं सर्व कामें अडतात. नेटवर्क नसलेल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांत फोन आंधळा होऊं नये म्हणून जिल्ह्याचा नकाशा निघण्यापूर्वींच फोनमध्यें उतरवून घ्यावा. कांहीं मोटारी चाकांची गति व आपल्या अँटेनाचें ठिकाण फोनला पुरवितात; सगळींच जोडयंत्रें तसें करतात असें नाहीं. विकत घेण्यापूर्वीं नेमका हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा. त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर तेंही एक उत्तरच आहे.

सबंध डबाच बदलावयाचा ठरला, तर मोटारीच्या जातीचा तयार कपलर मागावा; मूळच्या तारा कापूं देऊं नयेत. तारा कापल्या कीं हमी जाते, आणि पुढें जुना डबा परत बसविण्याची वाटही बंद होते. बाजारांतील बहुतेक नव्या डब्यांत पिवळी तार बॅटरीची कायमची, तांबडी किल्लीबरोबर चालू होणारी व काळी जमिनीची असते. पिवळी व तांबडी ह्यांची अदलाबदल झाली तर मोटार उभी असतांना बॅटरी उतरते, किंवा प्रत्येक वेळीं सगळी आठवण पुसली जाते. गतीची तार पुष्कळदा गुलाबी असते. अंगभूत नकाशा असलेल्या डब्यांत तिची जागा असते, पण "आवाज आला, चित्र आलें" एवढ्यावर काम संपवून कारागीर ती मोकळीच गुंडाळून ठेवतो. घाई त्याची असते, चूक पुढें बोगद्यांत कळते. तसेंच अँटेनाचें. ती धातूच्या पट्टीखालीं खुपसूं नये. काचेजवळ, आकाशाकडे तोंड करून ठेवावी.

इतकें करूनही कोजागरीच्या सुमारास एक प्रसंग येतो. सोलापूर व कर्नाटकाकडून भाविकांच्या रांगा पायीं तुळजापुरास निघतात, आणि सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडे वळविली जाते. कार्डावरच्या नकाशाला हें कळावयास वाव नाहीं. फोनला कळेलच असेंही नाहीं. त्या दिवशीं पोलिसाचा हात ज्या दिशेला असेल ती वाट घ्यावी, आणि यंत्र "मागें वळा" म्हणून कितीही ओरडलें तरी त्याचा आवाज बंद करावा.

नवें उपकरण बसविल्यावर मोटार प्रथम मोकळ्या मैदानांत पंधरा मिनिटें चालू ठेवावी. जीपीएसच्या सर्व उपग्रहांचें पंचांग एकदां पूर्ण ऐकण्यास साडेबारा मिनिटें लागतात. तें ऐकण्याआधींच दुकानाच्या छपराखालीं यंत्राला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. मग कांहीं किलोमीटर सरळ चालवून यंत्राला चाकांचें माप घेऊं द्यावें. नंतर येडशीच्या रामलिंग घाटांतून, झाडींतून व वळणांतून एक फेरी मारावी. शेजारीं बसलेल्यानें पडद्याकडे पाहावें. बाण रस्ता सोडून झाडींत उडी मारीत असेल, तर पैसे पूर्ण देण्यापूर्वीं फळी पुन्हां उघडावयास सांगून ती गुलाबी तार कोठें आहे तें पाहावें.